स्टँडवरच्या माणसांना उचलून नागपूरला धाडलं की झालं?

सातबारा_कोरा (धागाकर्ता)

आमचं गाव हावडा-मुंबई लाईनवरचं, तालुक्याचं ठिकाण. गाडीतून उतरलेली, कुठून आली ते सांगू न शकणारी माणसं इथं नेहमीच दिसतात. यंदा स्टँड, स्टेशन आणि बाजाराचे ओटे धरून सात-आठ जण आहेत. त्यातले दोघे आपल्याच तालुक्यातले, बाकीच्यांची बोली इथली नाही. व्यापाऱ्यांनी नगर परिषदेला निवेदन दिलं आहे की या सगळ्यांना गाडीत बसवून नागपूरच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात धाडा. भाड्याचा खर्च सभेत मंजूर होईल, कारण विरोध करायला कोणी नाही.

माझा विरोध आहे, आणि तो भूतदयेपोटी नाही. हा पैसा वाया जाणार म्हणून आहे.

आपल्याच तालुक्यातल्या एकाचं सांगतो. त्याला भावानं नागपूरला भरती केलं होतं. दीड महिन्यात माणूस ओळखू येईना इतका सुधारला. सोबत महिनाभराच्या गोळ्या देऊन घरी पाठवलं. पुढच्या गोळ्या जिल्ह्याला मिळणार, म्हणजे दोघांचं बसभाडं आणि एक रोज बुडणार. एक महिना गेले, दुसऱ्या महिन्यात सोयाबीन सोंगणीला आलं आणि राहून गेलं. दिवाळीनंतर हा परत स्टँडवर. नागपूरनं त्यांचं काम केलं होतं. गाडी अडली ती इथं, दुसऱ्या महिन्याच्या गोळीपाशी.

महाराष्ट्रात सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालयं ठाणे, येरवडा, रत्नागिरी आणि नागपूर अशी चार. विदर्भाच्या अकरा जिल्ह्यांचा भार नागपूरवर. तिथं माणूस कायमचा ठेवता येत नाही, ठेवूही नये. मग तो बरा होऊन परत येईल तेव्हा गावात काय असणार आहे, ते आधी ठरवा. माझं म्हणणं असं: ग्रामीण रुग्णालयातल्या ३० खाटांपैकी दोन यांच्यासाठी राखा, रोजच्या गोळ्यांऐवजी महिन्यातून एकदा द्यायचं इंजेक्शन तिथंच मिळू द्या, आणि जुन्या जकात नाक्याची खोली रिकामी पडली आहे ती रात्रीच्या निवाऱ्याला द्या. गाडीभाड्याचे पैसे त्यात लावा.

कटपीस_सेंटर

भाऊ, निवेदनावर माही सही आहे. लपवत नाही. तुम्ही स्टँडसमोर एक महिना दुकान लावून पाहा, मंग बोला.

सकाळी शटर उघडाले गेलं की पायरीवर काय असते ते इथं लिहित नाही. एकजण अचानक दगड भिरकावते. मांगच्या पोळ्याले एका पोट्ट्याचं डोकं फुटता फुटता राह्यलं. लगीनसराईत बायका माह्या दुकानाची पायरी चढत नाहीत, पलीकडच्या गल्लीत जातात. आणि हे बी सांगतो, त्याले रोज सकाळी चहा-पोहे मीच देतो. मले त्याचा राग नाही. पण नगर परिषदेचा कर मी भरतो, तं रस्ता साफ पाहिजे एवढं मागाचा हक्क मले आहे का नाही?

वायरलेस_रिटायर

पोलीस खात्यात नोकरी झाली, म्हणून कायदा काय म्हणतो ते सांगतो. इथं दोन्ही बाजू तो सोडून बोलत आहेत.

मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चा, लागू झाला २०१८ मध्ये. त्याचं कलम १०० पोलिसांवर आहे. हद्दीत कोणी भटकताना दिसला, मनोरुग्ण वाटतो आणि स्वतःची काळजी घेऊ शकत नाही, तर ठाणेदारानं त्याला संरक्षणात घ्यायचं आणि २४ तासांच्या आत जवळच्या सरकारी दवाखान्यात न्यायचं. लॉकअपमध्ये ठेवायचं नाही. शिवाय तो बेघर असेल तर हरवलेल्या माणसाची नोंद करून घरच्यांचा शोध घ्यायचा. म्हणजे 'उचलणं' कायद्यात आहेच, पण ते नगर परिषदेच्या गाडीनं आणि व्यापाऱ्यांच्या यादीवरून नाही. आणि जवळचा दवाखाना म्हणजे आपलं ग्रामीण रुग्णालय, नागपूर नव्हे.

आता खरं काय होतं तेही लिहितो. मंत्री येणार असला की रात्री माणसं गाडीत घालायची आणि पुढच्या हद्दीत सोडून यायची. पुढचे लोक आठ दिवसांनी आपल्याकडे सोडतात. हे कोण्या एका ठाण्याचं नाही, सगळ्यांना माहीत आहे. कागद केला तर काम वाढतं, म्हणून कागद होत नाही.

कायदाही एका जागी लटकतो. डॉक्टर म्हणाला की भरतीची गरज नाही, तर बेघर माणसाला पोलिसांनी सरकारी निवाऱ्यात न्यायचं असं लिहिलं आहे. आपल्या तालुक्यात तो निवारा दाखवा. सुप्रीम कोर्टानं २०१० मध्ये निवारे सांगितले ते शहरात लाख लोकांमागे एक या हिशेबानं. आपलं गाव लाखाचं नाही आणि खेड्यांसाठी तर हिशेबच नाही. २०११ च्या जनगणनेत देशात १७ लाखांवर बेघर मोजले, त्यातले ८ लाखांवर ग्रामीण भागातले होते.

धाकटी_बहीण

सातबारा, तुमची पोस्ट वाचून राग आला. रुग्णाला नागपूरहून घरी आणल्यावर काय होतं ते तुम्ही बाहेरून पाहिलंय. मी आतून पाहिलंय.

माझा थोरला भाऊ आमच्याचकडे असतो. मला काही झालेलंच नाही असं तो म्हणतो, आजारच तसा आहे. तुमच्या ग्रामीण रुग्णालयात तो स्वतःच्या पायानं महिन्याला इंजेक्शन घ्यायला जाईल असं वाटतं तुम्हाला? चौघांनी धरून न्यावं लागतं. आई सत्तरीची. कापूस वेचायच्या दिवसांत घरात कोणी नसायचं, तेव्हा आम्ही त्याला खाटेला बांधून वावरात जात होतो. कोणाला काय म्हणायचं ते म्हणा. मला भरती पाहिजे, लांबची पाहिजे आणि जबरदस्तीची पाहिजे. तुम्ही ज्याला 'धाडून देणं' म्हणता, त्या दोन महिन्यांत आई रात्रीची झोपायची.

पुण्यात_नोकरी

रुग्णाला साखळीनं बांधून ठेवण्याला कायद्यानं पूर्ण बंदी आहे. तमिळनाडूत एरवाडीला ऑगस्ट २००१ मध्ये काय झालं ते आठवा. आग लागली आणि साखळीनं बांधलेले २८ रुग्ण जळून मेले. जबरदस्ती मागताना याचा विचार व्हावा. न्यूयॉर्कच्या महापौरांनी २०२२ मध्ये रस्त्यावरच्या मनोरुग्णांना त्यांच्या इच्छेविरुद्ध दवाखान्यात न्यायचं धोरण जाहीर केलं, त्यावर तिथं अजून वाद आहे. उलट फिनलंडनं २००८ पासून आधी घर द्यायचं आणि उपचार त्यानंतर, असं धरलं. तिथं बेघर कमी झाले.

धाकटी_बहीण

एरवाडीला बांधणारे कोण होते मला माहीत नाही. माझ्या घरी बांधणारी मी होते. बंदी आहे हे मला सांगायला सगळे येतात, दुपारभर भावाजवळ बसायला कोणी येत नाही.

वऱ्हाडी_ठेचा

फिनलंड राहू द्या बावा. इथं चांगल्या धडधाकट माणसाचं घरकुलाच्या यादीत नाव यायले जन्म जाते. आधी घर म्हणे!

वायरलेस_रिटायर

ताई, जबरदस्तीची भरती कायद्यात बंद झालेली नाही. कलम ८९ आहे. रुग्णाच्या वतीनं नामनिर्देशित माणसानं अर्ज करायचा, दोघांनी, त्यात एक मानसोपचारतज्ज्ञ, वेगवेगळं तपासायचं, मग ३० दिवसांपर्यंत भरती. पुढे गरज असेल तर कलम ९०. तुम्ही घरचे आहात म्हणून अर्ज करू शकता. स्टँडवरच्या माणसासाठी अर्ज कोण करणार, हा खरा पेच आहे.

वारीला_पायी

इतके कायदे कशाला? आपल्या मुलखानं अशा माणसांना कधी उपाशी ठेवलं नाही. १८७८ मध्ये शेगावात गजानन महाराज पहिल्यांदा दिसले ते उष्ट्या पत्रावळीवरची शितं वेचताना, लोक वेडाच समजले होते. कोणाच्या अंगात काय आहे आपल्याला काय कळतं? दोन घास द्या, हात जोडा. सरकार आलं की माणूस फाईल होतो.

सातबारा_कोरा

माउली, मीही शेगावला जातो. पण महाराजांचं नाव घेऊन आपण स्वतःची सुटका करून घेतो, असं मला वाटतं. पोळी देणं सोपं आहे, ती आपण देतोच. स्टँडवरच्या एकाच्या पायाला जखम होऊन अळ्या पडल्या तेव्हा हात जोडणारे दहा होते, पट्टी करणारा एक. आणि संतांचंच म्हणाल तर अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे गाडगेबाबाही आपलेच. त्यांच्या दशसूत्रीत भुकेल्यांना अन्न आहेच, पण बेघरांना आसरा आणि रोग्यांना औषधोपचार हेही वेगळं सांगितलं आहे. बाबांनी नुसतं सांगितलं नाही, धर्मशाळा बांधल्या.

बहिणीच्या म्हणण्यावर: भरतीला माझा विरोध नाही, भरतीलाच उपाय समजण्याला आहे. तुमच्या आईला दोन महिने झोप मिळाली, तिसऱ्या महिन्यात काय? कर्जतला डॉ. भरत वाटवानींची श्रद्धा संस्था रस्त्यावरच्या रुग्णांवर उपचार करून त्यांना थेट घरी पोचवते. त्यासाठी त्यांना २०१८ मध्ये मॅगसेसे मिळालं. माणूस बरा झाला की गावाचं नाव आठवतो, हा त्यांचा अनुभव आहे. म्हणजे ओडिशाचा असो की छत्तीसगडचा, उपचार झाले तर निम्मी माणसं इथं राहायचीच नाहीत.

आशा_१९_नंबर_अंगणवाडी

मी आशा आहे म्हणून लिहिते. महिन्याचं इंजेक्शन असतं हे खरं, फ्लूफेनाझिनचं. पण ते दिलं की काहींचे हातपाय आखडतात, मान वाकडी होते, त्यावर वेगळी गोळी लागते. ती रोज कोण देणार? आणि अठ्ठाविसाव्या दिवशी तो माणूस स्टँडवर असेल, मार्केट यार्डात असेल की गाडीत बसून बडनेऱ्याला गेला असेल? शोधायला मलाच सांगतील. त्या कामाचा मोबदला कोणत्या रकान्यात भरायचा, ते कोणी सांगत नाही.

माझं भांडण मात्र दुसरं आहे. तुम्ही सगळे 'तो, तो' लिहिता. त्या सात-आठांत दोन बाया आहेत. एक स्टेशनच्या पाण्याच्या टाकीखाली झोपते. मांगच्या वर्षी एका बाईला दिवस गेले होते, पोट दिसायला लागल्यावर आम्हाला कळलं. कोणी विचारलं नाही की हे कसं झालं. पुरुष रस्त्यावर आजारी आहे. बाई रस्त्यावर आजारी आहे आणि रोज रात्री धोक्यात आहे. तिच्यासाठी सभा, ठराव, दोन खाटा, याची वाट पाहायची का? मी तर म्हणेन तिला आज उचला. नागपूर तर नागपूर. सातबारा भाऊंचा बाकी सगळा हिशेब मला पटतो, पण बाईच्या बाबतीत पटत नाही.

कटपीस_सेंटर

ताई बरोबर बोलल्या. मीबी हेच म्हनून राहिलो.

आशा_१९_नंबर_अंगणवाडी

नाही दादा, तुम्ही हे नव्हते म्हणत. तुम्हाला पायरी साफ पाहिजे होती.

सातबारा_कोरा

बाईला एक रात्रही टाकीखाली ठेवू नये, मान्य. त्यासाठी कलम १०० आजच वापरा, उद्या सकाळी ठाण्यात मी सोबत येतो. १०८ ची गाडी आहे, ग्रामीण रुग्णालयात महिला वॉर्ड आहे. तिथून नागपूरला जायची गरज डॉक्टरनं ठरवली तर जाऊ द्या, पण तिच्या नावानं कागद होऊन, हरवल्याची नोंद होऊन. नुसती गाडीत टाकली तर ती पुढच्या स्टेशनच्या टाकीखाली असेल. आणि ती परत आली तर? चेन्नईची 'द बॅनियन' संस्था १९९३ पासून रस्त्यावरच्या बायांसाठी काम करते. ज्यांना घर उरलं नाही अशा बायांना ती साध्या वस्तीत भाड्याच्या घरात चार-पाच जणींनी मिळून ठेवते, सोबत एक मदतनीस. चेन्नईएवढा पैसा आपल्याकडे नाही, पण दोन बायांना एक खोली आणि बचत गटातली एक पगारी बाई एवढं तरी नगर परिषदेला जड नाही. जकात नाक्याची खोली दुभागता येते.

कटपीस_सेंटर

जकात नाका आमच्याच लाईनीत आहे, माह्या दुकानापासून चौथा. तिथं कायमचं केलं तं सगळ्या तालुक्यातून आणून सोडतीन. आयटीआयच्या मांगं पडीक जागा आहे, तिथं करा.

धाकटी_बहीण

आयटीआयच्या मागे रात्री लाइट नाही. बायांना तिथं ठेवणार?

आणि सातबारा, खोली झाली तर दिवसाची पण उघडी ठेवा. वेचणीच्या दिवसांत मी भावाला तिथं आणून सोडीन, संध्याकाळी घेऊन जाईन. तेवढं झालं तर मला नागपूर नको.

वायरलेस_रिटायर

हे लेखी द्या ताई. रस्त्यावरच्यांसाठी मागितलं तर सभेत कोणी ऐकणार नाही, त्यांचं मत नाही आणि आधार कार्डही नाही. तालुक्यात घरी रुग्ण असलेली कितीतरी घरं निघतील, त्यांच्या सह्या असल्या तर नगरसेवक वाचतील. जागेचं म्हणाल तर जकात नाक्याला वीज-पाणी आहे, मी तिकडेच मत देईन.

कटपीस_सेंटर

बरं. समजा नाक्यावरच झाली. रात्री दोन वाजता आत भांडण झालं, कोनी दार तोडाले लागलं, तं किल्ली कोनाजवळ राहीन? नगर परिषदेचा चौकीदार आठ वाजता घरी जाते. ठाण्यात फोन केला तं ते म्हनतीन दवाखान्याले सांगा, दवाखाना म्हनीन ठाण्याले सांगा. त्या माणसाचं नाव आणि पगार ठरावात लिहा. मंग मी निवेदनावरची सही काढतो आणि तुमच्या अर्जावर करतो.