टर्मिनलवर मराठी नावं मोडतात, मदत हवी आहे (अर्जंट)

हळद_आडत
सांगली मार्केट यार्डात आमची आडत आहे. पट्टीचा (शेतकऱ्याच्या हिशेबाच्या पावतीचा) प्रोग्राम भाच्यानं पायथनमध्ये करून दिलाय, तो आता पुण्यात, फोन उचलत नाही. तो टर्मिनलवर, म्हणजे नुसत्या अक्षरांच्या खिडकीत चालतो, तिथं मराठी नीट दिसत नाही. सगळं करून बघितलं. सौदे चालू आहेत, लवकर सांगा.

कृष्णाकाठ
नीट दिसत नाही म्हणजे? चौकोन, प्रश्नचिन्हं की फुटलेली अक्षरं? तिन्हींची औषधं वेगळी. आणि 'सगळं' म्हणजे काय काय?

हळद_आडत
फुटलेली. शिराळा लिहिलं की वेलांटी श ला सोडून र च्या डोक्यावर बसते. आष्टामधला ष पाय मोडून उभा, ट शेजारी वेगळाच. बॅकस्पेस मारला की अर्धंच अक्षर जातं, मागं कचरा राहतो. उबुंटू आहे.

पश्या_मिरजकर
मोबाईलवर गूगलचा कीबोर्ड टाका, बोलून पण टाइप होतं.

कृष्णाकाठ
त्यांनी मोबाईलचं विचारलंय का?

बॅकस्पेसचं सोपं आहे. यूटीएफ-८ म्हणजे अक्षरं साठवायची पद्धत, त्यात देवनागरीचं एकेक चिन्ह ३ बाइटचं. टर्मिनलला 'एसटीटीवाय आययूटीएफ८' (stty iutf8) ही आज्ञा दिली नसेल तर बॅकस्पेस १ बाइट खातो, २ तसेच राहतात. तरी 'ष्टा' पुसायला ४ वेळा मारावा लागेल, कारण ष, हलन्त, ट, काना अशी ती ४ चिन्हं आहेत. उबुंटूसमोर बसूनच काम करता ना?

हळद_आडत
उबुंटू आतल्या खोलीत. काट्याजवळच्या विंडोजवरून पुटी (PuTTY) या प्रोग्रामनं त्यात आत जातो. सगळीकडं असंच असतं की.

कृष्णाकाठ
हे आधी सांगायचं ना राव! पुटी अरबी अक्षरं जुळवतं, देवनागरीची जुळणी त्यात नाही. पडद्यावर अक्षरं पुटीच काढतं, म्हणून उबुंटूत कितीही फॉन्ट घाला, फरक पडणार नाही.

डॉसकाका
भारतीय लिप्यांचं १९९१ चं इस्की मानक आणि संगणकात खोचायचं सी-डॅकचं जिस्ट कार्ड! कार्ड खोचलं की डॉसमध्येसुद्धा जोडाक्षरं खणखणीत. आता एवढी मशीनं आली आणि वेलांटी जागेवर बसत नाही.

सातारी_कंदी
कृतीदेव फॉन्ट टाका, विषय संपला.

कृष्णाकाठ
नका हो. त्यात आतून इंग्रजी अक्षरं असतात, शेतकऱ्याचं नाव शोधायला गेलात की बोंब. काट्याजवळ पण उबुंटूसारखं लिनक्स बसवा आणि कॉन्सोल (Konsole) नावाचा टर्मिनल उघडा, तो देवनागरी जुळवतो. विंडोज ११ असेल तर डब्ल्यूएसएलमधूनही (विंडोजच्या आत लिनक्स चालवायची सोय) कॉन्सोल चालतो.

एमएलटर्मप्रेमी
कॉन्सोल कशाला? एमएलटर्म (mlterm) हा दुसरा टर्मिनल वापरा. कॉन्सोलमध्ये पट्टीचे रकाने हलतात, हमाली तोलाईखाली जाते.

कृष्णाकाठ
रकाने प्रोग्राममुळं हलतात. रकाना भरायला जागा सोडणारा पायथनचा एलजस्ट (ljust) चिन्हं मोजतो. 'आष्टा' दिसायला दोन अक्षरं, त्याच्या हिशेबात ५. एमएलटर्म तरी काय करणार?

एमएलटर्मप्रेमी
वापरलंय का कधी?

डॉसकाका
भांडू नका. आज राजापुरी हळदीला काय भाव निघाला?

हळद_आडत
भाव यार्डात येऊन बघा काका. बॅकस्पेस सुधारला. जुन्या लॅपटॉपवर उबुंटू टाकून कॉन्सोल लावला, शिराळा, आष्टा दोन्ही नीट. पण पट्टी छापली की कागदावर नुसती प्रश्नचिन्हं.

कृष्णाकाठ
डॉट मॅट्रिक्स असणार. टेक्स्ट म्हणून पाठवलं तर त्याच्या पोटातली अक्षरं छापतो, त्यात बहुतेकदा देवनागरी नसते. पट्टीची पीडीएफ करून चित्रासारखी छापा. प्रिंटर कोणता?

हळद_आडत
नेहमीचाच.