काम बाहेर गेलं तरी सही कुणाची?
काम इंटरनेटवरून स्वस्त देशात पाठवता आलं की ते करणाऱ्यांचे पगार घसरणारच, असं म्हटलं जातं. इतकं सरळ नाही ते. अमेरिकेतल्या रेडिऑलॉजिस्टांचं, म्हणजे एक्स-रे, स्कॅन वाचणाऱ्या डॉक्टरांचं बघा. सीटी स्कॅन क्षणात बंगळुरूला पोचतो, पण रिपोर्टवर सही करायला अमेरिकेतल्या त्या राज्याचा परवाना लागतो, आणि परदेशात बसून दिलेल्या सेवेचे पैसे मेडिकेअर (ज्येष्ठांसाठीची तिथली सरकारी आरोग्य विमा योजना) देत नाही. म्हणून रात्रीचा प्राथमिक रिपोर्ट बाहेरून आला तरी अंतिम सही अमेरिकेतल्याच डॉक्टरची. या रेडिऑलॉजिस्टांची कमाई आजही भरभक्कम आहे. त्याच रुग्णालयांचं मेडिकल ट्रान्सक्रिप्शन (डॉक्टरांनी बोलून नोंदवलेलं टाइप करायचं काम) मात्र भारतात, फिलिपिन्समध्ये आलं. त्या कामाला परवान्याची अट नव्हती. (पुढे सॉफ्टवेअरने आपल्याकडच्यांनाही गाठलं, तो भाग वेगळा.)

आपणही काही वेगळे नाही. परदेशी वकिलांना इथल्या कोर्टात उभं राहता येणार नाही, हे सुप्रीम कोर्टाने 2018 मध्ये सांगितलंच आहे.

आयटीतल्या फ्रेशरला असलं कुंपण नाही. त्याचा स्वस्त स्पर्धक मनिलात नसून शेजारच्याच इंजिनिअरिंग कॉलेजात आहे. तीन-साडेतीन लाखांचं पॅकेज वर्षानुवर्षं जागचं हललेलं नाही. पुण्यातल्या घरमालकांना हे कुणी कळवलेलं दिसत नाही.