मदत हवी आहे: दोनच खेळाडूंवर डीअँडडी कसं चालवायचं?

मंडळी, नाशिकला कॉलेज रोडवर आमचा डंजन्स अँड ड्रॅगन्सचा (डीअँडडी: पात्रं घेऊन, फासे टाकत गोष्ट रंगवायचा खेळ) छोटा ग्रुप होता. बाकीचे नोकरीपायी पुण्याला गेले. उरलो मी (डीएम, म्हणजे गोष्ट आणि शत्रू चालवणारा) आणि दोघं खेळाडू: एकाचं पात्र रोग (rogue, लपून वार करणारा चोर), दुसऱ्याचं विझार्ड (जादूगार). ढाल घेऊन पुढे उभा राहणारा कोणीच नाही!

अडचण लढाईत येते. चार गोब्लिन (छोटे राक्षस) आले की दर फेरीत त्यांचे चार वार, आमचे दोन. पहिल्या लेव्हलचा विझार्ड सात-आठ हिट पॉइंटचा, म्हणजे जीव तेवढाच. दोन बाण बसले की गडी आडवा. मग एकटा रोग करणार काय? स्नीक अटॅकलाही (रोगचा जादा इजा करणारा वार) शत्रूजवळ साथीदार लागतो, नाहीतर लपून ॲडव्हान्टेज (दोन फासे टाकून मोठा आकडा घेणं) मिळवावा लागतो.

साइडकिकचे (सोबतीला दिलेलं मदतनीस पात्र) नियम वाचलेत. पण तो मीच चालवला तर माझंच माझ्याशी भांडण, आणि हे दोघं बसतात चिवडा खात. प्रत्येकी दोन पात्रं घ्या म्हटलं, तर विझार्डवाला एकाचेच स्पेल (मंत्र) बघता बघता दमतो.

पुढचं साहस रामशेजसारख्या किल्ल्यावर रचतोय: कातळातली पाण्याची टाकी, चोरवाट, पेंगुळलेले पहारेकरी. लपतछपत, गोड बोलून आत शिरायचं. पण पकडले गेले तर खेळ तिथेच संपू नये, यासाठी तुम्ही काय करता? कैद, खंडणी, की आणखी काही? साइडकिक खेळाडूंच्याच हातात देऊन कोणी पाहिलंय का? हीलिंग पोशन (जखमा भरणारी औषधं) किती सढळ हाताने वाटावीत?

आणि नाशिकमधलं कोणी रविवारी दुपारी मोकळं असेल तर सांगा. फायटर (पुढे उभं राहून लढणारं पात्र) खेळत असाल तर चहा आमच्याकडून.