मदत हवी आहे: नागासाकीच्या पाहुण्यांना काय द्यावं?

आम्ही मिनेसोटात, सेंट पॉलला राहतो. हे शहर आणि नागासाकी १९५५ पासून भगिनी-शहरं आहेत. नातं जुळलं ७ डिसेंबरला, म्हणजे नेमकं जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केला त्या तारखेला! इथल्या कोमो पार्कमधली जपानी बागही नागासाकीच्याच माणसाने आखलेली.

आता तिथल्या दोन शाळकरी मुली आठवडाभर आमच्याकडे राहायला येतायत. भेट म्हणून इथला वाइल्ड राइस द्यायचं मनात आहे, पण जपान्यांना तांदूळ? (सासूबाई म्हणतात, पुरणपोळी घाला, बाकी राहू दे.) जपानात राहिलेल्यांनी प्लीज सांगा: दिलेली भेट समोरच उघडतात का? आणि ९ ऑगस्टचा, म्हणजे नागासाकीवर पडलेल्या अणुबॉम्बचा विषय आपण काढावा, की त्या बोलेपर्यंत थांबावं? माझी लेक अकराची आहे, ती विचारणारच. तिला काय सांगून ठेवू?