नाताळची कार्डं उरल्यासुरल्या सामानातून: सल्ला हवा

पैंजण

मंडळी, इंग्लंडमधल्या लेस्टरहून लिहितेय. मुलगा दुसरीत आहे. इथे डिसेंबर लागला की वर्गातली पोरं एकमेकांना नाताळची कार्डं देतात. एकाला दिलं आणि दुसऱ्याला नाही, असं चालत नाही, म्हणजे सरळ तीसची तयारी. शिवाय शेजारी, त्याच्या वर्गाच्या बाई, आणि थोडी भारतात टपालाने जाणारी.

यंदा दुकानातली आणायची नाहीत असं आम्ही मायलेकांनी ठरवलंय, कारण कपाटातला एक अख्खा खण हस्तकलेच्या सामानाने गच्च भरलाय आणि नवरा त्यावरून येताजाता बोलतो. खणात आहे ते असं: मखराचा उरलेला क्रेप कागद आणि सोनेरी गोटा (जरीची फीत), आकाशकंदिलाचा जिलेटिन कागद (लाल, पिवळा, निळा), घोटीव कागदाचे तुकडे, तळाशी गेलेले ॲक्रिलिक रंग, लोकरीचे गुंडे, सुटी बटणं, टिकल्यांची अर्धीमुर्धी पाकिटं, छापील पेपर नॅपकिन आणि गावाहून आलेल्या जाडजूड लग्नपत्रिका. कार्डशीट तेवढं विकत घेईन.

कशाला काय चिकटवायचं? फेव्हिकॉल लावला की कागद फुगतो. आणि तीस कार्डं सात वर्षांच्या मुलाला घेऊन करायची तर काय युक्ती? टपालाच्या कार्डांवर बटणं वगैरे चालतात का?

टोमणेश्वर

सुपरमार्केटात तीस कार्डांचा गठ्ठा मिळतो, तोही स्वस्तात. खण आवरायचा असेल तर नवऱ्याच्या हाती एक मोठी पिशवी द्या. (पळतो.)

पैंजण

@टोमणेश्वर, पिशवी दिली तर आधी माझी लोकर जाईल.

रेघोट्या

चित्रकला शिकवते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी कार्डशीट. २५० ते ३०० जीएसएमचं (एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) घ्या, त्याहून पातळ असलं तर वर काहीही चिकटवलं की कार्ड उभं राहत नाही. ए-४ शीट मधोमध कापून दोन ए-५ करा आणि प्रत्येकाची घडी घाला, की ए-६ कार्ड झालं. एका शीटमधून दोन, म्हणजे तीस कार्डांना पंधरा शीट. याला सी-६ पाकीट बसतं (११४ × १६२ मिमी), ते कुठेही मिळतं. नुसत्या बोटाने घडी घालू नका. पट्टी ठेवून शाई संपलेल्या रिफिलने एक रेघ दाबून ओढा आणि मग दुमडा. घडीवर कागद तडकत असेल तर तुम्ही तंतूंच्या आडव्या दिशेने दुमडताय असं समजा. शीट दोन्ही बाजूंनी हलकेच वाकवून बघा, जिकडे सहज वाकेल तिकडची घडी सुबक येते.

आता फेव्हिकॉल. त्यात पाणी असतं, कागद ते पितो आणि फुगतो. त्यामुळे थेंब थेंब टाकून वर दाबायचं हे बंद. जुन्या प्लास्टिक कार्डाच्या कडेने अगदी पातळ थर पसरा, चिकटवा, वर बेकिंग पेपर ठेवा आणि रात्रभर जाड पुस्तकांखाली ठेवा. घोटीव आणि क्रेप कागदाला ग्लू स्टिक बरी, क्रेपचा रंग ओल्या गोंदाने उतरतो. गोटा आणि जिलेटिनला फक्त दुहेरी टेप. जिलेटिनवर फेव्हिकॉल धरत नाही आणि पांढुरका डाग उरतो. गोटा कापण्याआधी कापायच्या जागी फेव्हिकॉलचं बोट फिरवून वाळू द्या, कड उसवत नाही. टिकल्यांना स्वतःचा गोंद असतो, पण जुन्या पाकिटातला वाळलेला असतो, म्हणून मागे फेव्हिकॉलचा एक ठिपका द्याच.

क्रम कायम हाच ठेवा: आधी ओलं, मग कोरडं, शेवटी उठावाचं. रंग पूर्ण वाळल्याशिवाय कागद नाही, कागद दबून सपाट झाल्याशिवाय बटण नाही. मिक्स्ड मीडियाची (रंग, कागद, धागा असं सगळं एकत्र वापरलेली) बहुतेक कार्डं बिघडतात ती हा क्रम चुकल्याने.

आणि एक आगाऊ सल्ला. खणात दहा गोष्टी आहेत म्हणून एका कार्डावर दहाही नकोत. एक रंगवलेला कागद, एक चमकणारी वस्तू, एक धागा किंवा बटण. तिथे थांबायचं.

पैंजण

बाप रे, वहीत उतरवून घेतलं. आता तीसचं कोडं सोडवा कोणीतरी.

रेघोट्या

कार्ड एकेक रंगवायला बसू नका. एक ए-३ कागद घ्या (चित्रकलेच्या वहीतला जाड चालेल), चारही कडा मास्किंग टेपने पाटाला किंवा टेबलाला चिकटवा आणि तो अख्खा मुलाच्या ताब्यात द्या.

पहिल्यांदा पांढऱ्या मेणखडूने चांदण्या, रेघा, गोल, जे सुचेल ते काढू दे. त्यावर हिरव्या-निळ्या जलरंगाचा पाणीदार हात. मेणावर रंग बसत नाही, त्यामुळे पांढरं चित्र आपोआप वर येतं, आणि हा भाग मुलांना जाम आवडतो. रंग ओला असताना चिमूटभर मीठ भुरभुरवलं तर बर्फाच्या फुलांसारखे डाग उमटतात. वाळल्यावर मीठ झटकून टाका. मग घोटीव कागदाचे फाडलेले (कापलेले नव्हे) तुकडे इकडेतिकडे चिकटवा, आणि शेवटी उरलेला पांढरा ॲक्रिलिक जवळजवळ कोरड्या ब्रशने वरून ओढा.

वाळल्यावर कागद उलटा करा आणि मागे त्रिकोण आखा, पाया ६ सेंमी, उंची ९ सेंमी. एक सुलट, एक उलट असे लावले तर ४२ सेंमीच्या लांबीत १३ बसतात, आणि तीन ओळी मावतात. एका कागदात ३९ झाडं. वर्गाची तीस, बाई, शेजारी, सगळे आले. प्रत्येक झाडावर रंग वेगळा पडलेला असतो, त्यामुळे एकसारखी दोन सापडत नाहीत.

त्रिकोण कार्डावर चिकटवायचा, खाली लग्नपत्रिकेच्या तपकिरी किंवा सोनेरी तुकड्याचं खोड, टोकाला टिकली. झालं कार्ड.

साखरभात

लग्नपत्रिकांवरचा गणपती आधी बाजूला काढून ठेवा हं, तो कापवत नाही. आमच्याकडे एका डब्यात नुसते गणपती साठलेत. पत्रिकेचा आतला जाड कागद मात्र सोनं आहे, नक्षीची किनार तर आयती चौकट.

बर्फासाठी मी फेव्हिकॉलवर रवा भुरभुरवते. दाणेदार, मस्त दिसतो.

टोमणेश्वर

आणि मुंग्यांना नाताळच्या शुभेच्छा.

रेघोट्या

रवा नको. मुंग्यांचं सोडा, पाकिटात घासून गळतो. रांगोळीचंही तेच. पांढरी लोकर बारीक कातरून ग्लू स्टिकवर दाबा. किंवा जुन्या टूथब्रशवर पांढरा रंग घेऊन अंगठ्याने शिंतोडे उडवा, खाली वर्तमानपत्र पसरून.

वसईची_पोर

वसईहून. वरचं वाचून मजा आली, पण झाड, बर्फ आणि सांता यांच्या पलीकडेही नाताळ आहे हे सांगायला आले. आमच्याकडे या दिवसांत घरोघरी तारे टांगतात, येशूजन्माचे गोठे बांधतात, आणि बर्फ कधी पाहिला नसला तरी गोठ्याच्या छपरावर कापूस पसरतातच! तुमच्याकडे आकाशकंदिलाचा जिलेटिन आहे ना, त्याची चर्चच्या रंगीत काचेची खिडकी करा. तीस करू नका, वेळखाऊ आहे. जवळच्या चारपाच जणांपुरती.

काळं कार्डशीट घ्या, घडी आधी घाला. पुढच्या पानावर वर कमान असलेली खिडकी आखा, साधारण ६ सेंमी रुंद, ९ सेंमी उंच. आत मधोमध तारा, त्याच्या टोकांपासून खिडकीच्या कडेपर्यंत सरळ रेघा. आता प्रत्येक रेघेला दुहेरी करा, मध्ये तीनचार मिलिमीटरची पट्टी राहील अशी. त्याहून बारीक ठेवलीत तर कापताना तुटते. पट्ट्यांमधले चौकोन-त्रिकोण कटरने काढून टाका. कटर तुमच्याच हातात, आणि कापताना आतून बाहेर नाही, कोपऱ्यापासून मध्याकडे. कोपरे स्वच्छ निघतात.

मागून जिलेटिनचे तुकडे दुहेरी टेपच्या बारीक पट्ट्यांनी लावा, हे काम मुलाचं. तीनच रंग आहेत म्हणून अडत नाही. पिवळ्यावर निळा आला की हिरवा, लालवर निळा आला की जांभळा दिसतो. सगळ्यात मागे बटर पेपर लावा, नाहीतर कार्डाच्या आतलं पान आरपार दिसतं आणि खिडकीचा परिणाम जातो. मधला तारा नुसता पिवळा ठेवा. मागे दिवा असला की आमच्या घरावरच्या ताऱ्यासारखाच दिसतो.

गोठा करायचा असेल तर त्याहून सोपा. तपकिरी पत्रिकेच्या दोन पट्ट्यांचं उतरतं छप्पर, क्रेप कागदाची पिळलेली दोरी म्हणजे गवत, येशूबाळाला पिवळ्या टिकलीचं वलय. मारिया आणि योसेफ चेहऱ्याशिवाय, नुसत्या दोन वाकलेल्या आकृत्या कापा. चेहरे काढायला गेलं की कार्ड बिघडतं.

पैंजण

@वसईची_पोर, खिडकी नक्की करणार! सासूबाईंकडे पहिली जाईल. वर्गात सगळ्या धर्मांची मुलं आहेत, तिथे झाडच बरं.

टपालाचं कोणी सांगेल का?

एडिसनकर

तुमच्याकडे रॉयल मेलचं (ब्रिटनच्या टपालसेवेचं) साधं पत्र म्हणजे २४ × १६.५ सेंमीच्या आत, १०० ग्रॅमपर्यंत आणि जाडी ५ मिमीपर्यंत, पाकिटासकट. ५ मिमीच्या वर गेलं की मोठं पत्र, जादा तिकीट. पोस्टात जाऊन मोजायला नको, जाड पुठ्ठ्यात ५ मिमी रुंदीची फट कापा आणि कार्ड त्यातून ओढून बघा. अडकलं तर बटण काढा.

आमच्याकडे अमेरिकेत वेगळाच ताप. जाडी पाव इंचाच्या आत असली तरी पाकिटात मध्येच उंचवटा असेल, पाकीट वाकत नसेल किंवा चौरस असेल तर यंत्रातून जात नाही म्हणून जादा आकार लावतात. चौरस कार्डं मला फार आवडतात, पण नाताळला मी ती हातोहातच देतो.

म्हणून बटणं-लोकर वर्गातल्या कार्डांवर लावा, ती दप्तरातून जाणार आहेत. टपालाची सगळी सपाट. खिडकीचं कार्ड सपाटच आहे, पण जिलेटिनला चुणी पडू नये म्हणून पाकिटात मागे पुठ्ठ्याचा तुकडा सरकवा. भारतातली नोव्हेंबरअखेरीसच टाका. परदेशी पत्रांची शेवटची तारीख नाताळच्या बरीच आधी येऊन जाते, आणि ती फक्त अंदाजाची असते.

जुनापुराणा

जरा अवांतर, पण विषयाला धरून. पहिलं छापील नाताळ कार्ड १८४३ चं, लंडनचं. हेन्री कोल या गृहस्थांना इतक्या सगळ्यांना पत्रं लिहायला सवड नव्हती, म्हणून त्यांनी जॉन कॅलकॉट हॉर्सली या चित्रकाराकडून चित्र काढून घेतलं. किंमत एक शिलिंग, म्हणजे सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर. चित्रात घरातलं लहान मूलही वाइनचा घोट घेताना दिसतं, त्यावरून दारूबंदीवाले भडकले होते. पुढे १८७० मध्ये अर्ध्या पेनीचं टपाल सुरू झालं आणि कार्डं घराघरांत गेली. त्या काळच्या कार्डांवर रेशमी झालर, जाळीदार कागद, छापील चित्रांचे कापलेले तुकडे असं सगळं चिकटवलेलं असे. म्हणजे गोटा लावताना संकोच नको.

साखरभात

पेपर नॅपकिनचं कोणी सांगितलंच नाही. नॅपकिनला दोनतीन पापुद्रे असतात, फक्त वरचा छापील घ्यायचा. गोंदाने लावला तर हमखास सुरकुत्या पडतात. त्याऐवजी कार्डावर क्लिंग फिल्म (अन्न झाकायचं पातळ प्लास्टिक), त्यावर तो पापुद्रा, वर बेकिंग पेपर, आणि मध्यम गरम इस्त्री, वाफ बंद करून. फिल्म वितळून दोन्ही धरून ठेवते. कडेची फिल्म नंतर कातरा. इस्त्री आणि फिल्मच्या मध्ये बेकिंग पेपर हवाच.

एडिसनकर

एक राहिलं. चमकी आणि सोनेरी पन्नी लावलेली कार्डं कागदाच्या पुनर्वापरात जात नाहीत. तुमच्याकडे लोक कार्ड मुठीत चुरगळून बघतात: चुरगळलेलं राहिलं तर कागद, पुन्हा उलगडलं तर बाकीच्या कचऱ्यात. गोटा लावायचाच तर वेगळ्या तुकड्यावर लावून तो टेपच्या दोन ठिपक्यांवर बसवा, घेणाऱ्याला ओढून काढता येतो.

पैंजण

हे इथल्या बाईंना फार आवडेल, त्यांचं या विषयावर बारीक लक्ष असतं. शेवटचा प्रश्न: काळ्या कार्डाच्या आत लिहायचं कशाने? मुलाकडे साधी पेनं आहेत.

वसईची_पोर

पांढरं जेल पेन असेल तर उत्तम, नसेल तर विकत घेऊ नका. साधा पांढरा कागद उलगडलेल्या कार्डापेक्षा चारपाच मिलिमीटर लहान कापा, त्यालाही मध्ये घडी घाला, आणि घडीच्या कडेला फक्त एक बारीक रेघ गोंद लावून आत बसवा. पूर्ण पानभर गोंद लावला तर पुन्हा फुगेल. लिहून घ्या आधी आणि चिकटवा मग, म्हणजे शुद्धलेखन चुकलं तर फक्त कागद बदलायचा, खिडकी नव्हे.