ओआयजीच्या यादीत नाव असताना नर्सने कुठे काम करावं?

खडीसाखर:
अमेरिकेतल्या एका आरएनचं (नोंदणीकृत नर्सचं) लायसन्स निलंबित झालं, म्हणून ओआयजीने, म्हणजे केंद्रीय आरोग्य खात्याच्या महानिरीक्षक कार्यालयाने, सोशल सिक्युरिटी ॲक्टच्या कलम ११२८(बी)(४) खाली तिला मेडिकेअर (मुख्यतः ज्येष्ठांसाठी), मेडिकेड (गरिबांसाठी) अशा सरकारी आरोग्य योजनांमधून वगळलं. आता लायसन्स परत मिळालंय, तरी एलईआयई या वगळलेल्यांच्या यादीत नाव आहेच. ते आपोआप निघेल का? तोवर हॉस्पिटलात नुसतं ऑफिसचं काम चालेल का?

पहाटवारा:
आपोआप निघत नाही. लायसन्स राज्याच्या बोर्डाचं, यादी केंद्राची. ओआयजीला लेखी विनंती करायची, मग ते फॉर्म पाठवतात. ते भरून, नोटरी करून परत द्यायचे. निर्णयाला १२० दिवस, कधी जास्तही लागतात. (बी)(४) मध्ये लायसन्स मिळालं की लगेच अर्ज करता येतो. सक्तीने पाच वर्षांसाठी वगळलं असेल तर मात्र मुदत संपायच्या ९० दिवस आधीपासून. नामंजूर झाला तर पुढचा अर्ज वर्षभराने. मंजुरीचं पत्र हातात येईपर्यंत ती वगळलेलीच.

ऑफिसचं कामही नको. मे २०१३ च्या ओआयजी बुलेटिनमध्ये सर्जिकल ट्रे लावणं, प्रशासकीय कामं हीसुद्धा मनाई असलेल्या कामांची उदाहरणं म्हणून दिली आहेत. मेडिकेअर हॉस्पिटलला ठोक रक्कम देतं, त्यात सगळ्यांचाच पगार आला. बिनपगारी सेवेलाही सूट नाही. दंड हॉस्पिटलला बसतो, म्हणून एचआर नाव दिसताच फाइल मिटतं.

निळाई:
केंद्राचा पैसा न घेणाऱ्या जागा शोधा: फक्त रोख घेणारे मेडस्पा (सौंदर्योपचाराची क्लिनिक्स), आयुर्विम्याचं अंडररायटिंग (अर्जदाराची जोखीम तपासणं), वकिलांसाठी वैद्यकीय नोंदींची छाननी, कारखान्यातली ऑक्युपेशनल हेल्थ. मुलाखतीत थेट विचारा, 'मेडिकेअर, मेडिकेड, ट्रायकेअर (सैन्याची आरोग्य योजना), यांपैकी कुणाला बिल जातं का?'

फसतात ते दोन ठिकाणी. शाळेतली नर्स: अनेक शाळा विशेष शिक्षणातल्या मुलांच्या सेवांचं बिल मेडिकेडला लावतात. खाजगी विमा कंपनी: तिच्याकडे मेडिकेअर ॲडव्हांटेजच्या, म्हणजे खाजगी कंपनीने चालवलेल्या पण मेडिकेअरच्या पैशाच्या, योजना असू शकतात. 'खाजगी' या पाटीवर जाऊ नका.

मेडिकेअर घेणारं हॉस्पिटलही फक्त खाजगी रुग्णांसाठी तिला ठेवू शकतं, कायद्याची आडकाठी नाही. पण वॉर्डात रुग्ण वेगळे काढत बसणार कोण?

खडीसाखर:
मेडिकेअरमधून बाहेर पडलेल्या डॉक्टरचं क्लिनिक चालेल?

पहाटवारा:
व्हिजिटचं बिल मेडिकेअरला जात नाही, पण रुग्णाकडे कार्ड असतंच. वगळलेल्या नर्स प्रॅक्टिशनरने (तपासण्या, औषधं लिहू शकणाऱ्या नर्सने) लिहिलेल्या लॅब किंवा औषधाचे पैसे मेडिकेअर देत नाही, मग लॅब अडकते. आरएन स्वतः ऑर्डर लिहीत नाही, तरी कामाची व्याप्ती आधी लेखी ठरवून घ्या.

आणि राज्याच्या मेडिकेडची यादी वेगळी तपासा. केंद्राच्या यादीतून नाव निघालं तरी तिथलं राहू शकतं.