इंजिन गरमच होत नाही, थर्मोस्टॅट गेलाय का? मदत हवी आहे

मंडळी नमस्कार, गाड्यांतलं कळणाऱ्यांनी जरा बघा. पेट्रोल हॅचबॅक आहे, २०१३ची, मे महिन्यात सेकंडहँड घेतली, ७८ हजार किमी झालेत. रोज नाशिक-सिन्नर जाऊन येऊन. लोकांची गाडी गरम होते म्हणून बोंब असते, माझी गरमच होत नाही.

उन्हाळ्या-पावसाळ्यात काही जाणवलं नाही. थंडी पडली, पहाटे सहाला निघताना हीटर लावला तर शिंदेचा टोलनाका आला तरी काचेवरचं धुकं हटेना, पायाशी नुसता कोमट वारा. मग इंजिनच्या तापमानाच्या काट्याकडे लक्ष गेलं. सिग्नलला उभं राहिलं की मधोमध येतो, हायवेला ८० धरले की हळूहळू खाली, आणि परवा कसारा घाट उतरताना तर पार तळाला, जणू आत्ताच स्टार्टर मारलाय. मायलेज तेराच्या वर जात नाही. आधीचा मालक सतरा सांगायचा, पण गाडी विकणारा सतराच सांगणार म्हणून मी सोडून दिलं होतं.

मित्राचा ब्लूटूथ स्कॅनर लावला, हायवेला कूलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी) ६४-६६ डिग्री, सिन्नरच्या चौकात पाच मिनिटं अडकलो तर ८८. कोड पी०१२८ (कूलंट पुरेसं तापत नाही) पेंडिंग, म्हणजे अजून पक्का न झालेला, दाखवतो, चेक इंजिनचा दिवा मात्र नाही. गॅरेजवाला म्हणतो, "दादा, काटा वर गेला तर घाबरायचं, खाली आहे तर बरंच आहे की!" आता हे थर्मोस्टॅटचंच का सेन्सरचं? घरी बघता येईल का काही?

प्रतिसाद १:
सेन्सर खोटं सांगत असता तर काटा खाली राहून हीटर मस्त गरम आला असता. दोन्ही थंड, म्हणजे थर्मोस्टॅट उघडा अडकलाय. त्यात मेणाची कुपी असते, मेण वितळून फुगलं की झडप उघडते, किती डिग्रीला ते त्याच्यावरच छापलेलं असतं, ८२ किंवा ८८ वगैरे. तोवर पाणी इंजिनातच फिरायला पाहिजे, तुमचं पहिल्या मिनिटापासून रेडिएटरला जातंय. इंजिन थंड राहिलं की ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) पेट्रोल जास्त सोडतो, मायलेज तिथे जातंय.
सकाळी थंड गाडी चालू करून रेडिएटरच्या वरच्या होज पाईपला हात लावा (फॅनपासून बोटं लांब!). चांगल्या थर्मोस्टॅटमध्ये पाईप बराच वेळ थंड राहतो आणि मग एकदम तापतो. सुरुवातीपासून काट्याबरोबर हळूहळू कोमट होत गेला तर बदला. काही गाड्यांत थर्मोस्टॅट खालच्या पाईपला असतो, तेवढं आधी बघून घ्या.

प्रतिसाद २:
माझा उलटा अडकला होता, बंद. खंबाटकीत काटा लालमध्ये, वरचा पाईप चटका देतोय आणि रेडिएटर गार! तसं झालं तर गाडी बंद करून गप बसा, गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडू नका, वाफ तोंडावर येते.
नवीन आणला की बसवायच्या आधी जुन्या पातेल्यात पाण्यात दोऱ्याने लटकवून तापवा, थर्मामीटर असेल तर धरा. उकळायच्या आत झडप उघडायला हवी आणि बाहेर काढल्यावर बंद व्हायला हवी. ओ-रिंग (रबरी सील) नवीनच टाका.

धागाकर्ता, अपडेट:
पाईप स्टार्ट केल्यापासूनच कोमट व्हायला लागला. काल दुसऱ्या गॅरेजला हाऊसिंग (थर्मोस्टॅट बसतो ती डबी) खोललं आणि मेकॅनिक हसायलाच लागला, आत थर्मोस्टॅटच नाही! कधीतरी कुणीतरी काढून टाकून नुसतं झाकण लावलेलं, म्हणजे मी सहा महिने त्याच्याशिवायच गाडी चालवली आणि नसलेला पार्ट खराब झालाय का ते विचारत होतो. नवीन टाकला, ओ-रिंगसकट साडेनऊशे, पातेल्यातली टेस्ट पण केली. आज हायवेला ८६-८७ वर ठाम आणि टोलनाक्याच्या आत काच साफ. मायलेज टाकी संपल्यावर सांगतो.

आता खरी भीती वेगळीच आहे. आतून कूलंटऐवजी विटकरी रंगाचं पाणी निघालं, आधीचा मालक बहुतेक नळाचंच भरत होता. दोनदा फ्लश करून कूलंट भरलंय. पण मुळात थर्मोस्टॅट काढला कशासाठी, गाडी तापत होती म्हणूनच ना? मग उन्हाळ्याच्या आधी रेडिएटर उतरवून साफ करून घेऊ, का आधी घाटात एक चक्कर मारून बघू?